शैले, तो टीबी होता

शैले, मैदानाच्या कुंपणावर तुझा बॅनर लागलाय. फोटो कुठला घ्यावा? तर पंचांशी भांडून आल्यानंतरचा. नाकपुड्या अजून फुगलेल्या आहेत, शिट्टी दातात आहे. डोक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि पायाशी ‘दीर्घ आजाराने दुःखद निधन’. त्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे हसरे फोटो, नावं, हुद्दे. सगळ्यांची नावं आहेत. तुला ज्यानं नेलं त्याचंच तेवढं नाही.

दीर्घ आजार! मी तिथेच उभी राहून चिडले. पण चिडायचं कुणावर? बॅनर लावणाऱ्या पोरांना जे सांगितलं ते त्यांनी छापलं. मग मी तुझ्यावरच चिडले. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. पण तू होतीस तेव्हाही मी बहुतेक वेळ तुझ्यावर चिडलेलीच असायचे. आता एकदम गोड बोलायला लागले तर तुलाच संशय येईल.

नववीत आपण कल्याणच्या शाळेच्या खो-खो संघात आलो ते भांडतच. आंतरशालेय फायनल हरलो. तुझं म्हणणं, मी खो उशिरा दिला. माझं म्हणणं, खो वेळेवरच होता, तूच उठायला उशीर केलास. त्या एका खोवर आपण तीस वर्षांहून जास्त भांडलो. तुझ्या लग्नाच्या हॉलमध्ये भांडलो. तुझ्या केतकीच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात धरून भांडलो, तुझ्या सासूबाई बघतच राहिल्या. तो वाद मी अजूनही सोडलेला नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

आणि हेही लिहिते. माझं लग्न मोडलं आणि मी ठाण्याला माजिवड्याच्या त्या घरात एकटी राहायला आले, तेव्हा सगळे सांत्वनाला आले. तू आलीस ती दारातच म्हणालीस, “शनिवार-रविवार काय करतेस?”

“काही नाही.”

“मग डोंबिवलीला मैदानावर ये. मी शिकवते त्या पोरींच्या खो-खोला वेळ लावायला माणूस पाहिजे.” आणि माझ्या गळ्यात शिट्टी अडकवलीस. चहाही घेतला नाहीस. तुझ्या त्या आरडाओरड करणाऱ्या पोरींनी मला माणसांत आणलं. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाली असतीस, “नाटकं करू नकोस, मिने.”

असो. आता मुद्द्यावर येते.

तुझी पाठ दुखायला लागली ती दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरानंतर. पाठ, शैले. कंबर नाही. कंबरेच्या वर, पाठीच्या मधोमध तू मला बोट ठेवून दाखवलं होतंस. पण आपल्याकडे बाईची पाठ दुखत नाही, कंबरच दुखते. तू ‘पाठ’ म्हणालीस आणि डोंबिवलीच्या त्या हाडांच्या डॉक्टरांनी ‘कंबर’ ऐकलं. एक्स-रे कंबरेचा काढला. एक्स-रेत काही नाही. “खेळाडू होतात ना? मग हे होणारच,” ते म्हणाले. पट्टा, गोळ्या, व्यायाम.

आणि तू खूश! मला फोन करून सांगतेस काय, “जुनी दुखापत आहे म्हणे. खांबावर सूर मारून मारून झालंय.” जसं काही कुणी पदक दिलंय. तुला ते कारण इतकं आवडलं की पुढे कुणीही विचारलं तरी तू आधी तेच सांगायचीस. मग समोरचा डॉक्टर दुसरं काही कशाला शोधेल? तुम्ही दोघांनी मिळून उत्तर ठरवून टाकलं होतंत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुझ्या सोसायटीतल्या बायका तुझ्याभोवती गोळा झाल्या. “शैला, कसली बारीक झालीयस! काय करतेस, सांग ना.” तू म्हणालीस, “रात्रीची पोळी सोडली.” मी वाण हातात घेऊन शेजारीच उभी होते. पोळी सोडली? तुला जेवणच जात नव्हतं! दुपारचा डबा तू शाळेतून तसाच परत आणायचीस, हे मला केतकीनं सांगितलेलं. मी तुला कोपऱ्यात ओढून विचारलं, तर म्हणालीस, “अगं, जातंय वजन तर जाऊ दे. पंधरा वर्षं मागे लागलेय त्याच्या.”

मग घाम. पहाटे गाऊन भिजायचा, उशी भिजायची. बायकांच्या डॉक्टरांनी वय विचारलं आणि वय ऐकूनच निदान केलं. पाळी जायची वेळ आली की असं होतं, कॅल्शियम घ्या. मी म्हटलं, “शैले, मी तुझ्याच वयाची आहे. घाम मलाही येतो. पण संध्याकाळी माझं अंग तापत नाही.”

“तुझं सगळं उशिराच असतं,” तू म्हणालीस.

हसलो आपण. तेव्हा हसलो. आता ते हसणं आठवलं की भिंतीवर काहीतरी फेकून मारावंसं वाटतं.

पुढचे मोठे डॉक्टर कल्याणचे. त्यांनी कंबरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं आणि जादू झाली. महिना-दीड महिना तू परत पहिली शैला झालीस. मेच्या शिबिरात पोरींबरोबर धावलीस, आणि मला हिणवलंस, “बघ, उगाच घाबरवत होतीस.” मीही मान्य केलं. का नाही करणार? डोळ्यांसमोर पळत होतीस. त्या इंजेक्शननं फक्त सूज दबली, आत आजाराला मोकळं रान मिळालं, हे आपल्याला फार नंतर कळलं.

दुखणं परत आलं ते दुपटीनं. तेव्हा शाळेतल्या कुणीतरी खडवलीच्या मालिशवाल्याचं नाव सांगितलं. मी नको नको म्हणत होते, तू रिक्षात बसून मोकळी. मग मीही आले, तुला एकटीला कशी जाऊ देणार? त्याच्या ओटीवर चटई होती. त्यानं तुला पालथी झोपवलं, तेल चोळलं, आणि पाठीत गुडघा रोवून दोन्ही खांदे मागे खेचले. तू ओरडलीस. शैले, गुडघ्याचं हाड दिसत असताना डाव पूर्ण करून मगच मैदान सोडणारी तू! तुझ्या तोंडून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी त्या माणसाचा हात धरला. तो मलाच म्हणाला, “शीर मोकळी झाली, बाई. आता बघा.”

परतताना तू घामाने डबडबलेली, आणि वर म्हणतेस, “मोकळं वाटतंय गं.”

“खोटं बोलू नकोस.”

“मग काय करू? सांग. सगळे म्हणतात काही नाही. रिपोर्ट म्हणतो काही नाही. म्हणजे दुखतंय ते माझ्या डोक्यातच असेल ना?”

हे तू पहिल्यांदा बोललीस. इतक्या लोकांनी, इतक्या प्रेमानं, इतक्या खात्रीनं तुला काही झालेलं नाही असं सांगितलं होतं, की तू तुझ्या स्वतःच्या पाठीवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं होतंस.

मग ती चप्पल. तुझ्या घराजवळच्या भाजी गल्लीतून आपण दोघी येत होतो. मागून भाजीवाली ओरडली, “ओ बाई, चप्पल!” वळून बघतो तर तुझी डावी चप्पल रस्त्यात मागे पडलेली, आणि तू अनवाणी पावलानं तशीच पुढे आलेली. तुला कळलंच नव्हतं. तू हसलीस, चप्पल घालायला गेलीस, आणि पाय चपलेत शिरेना. बोटं ऐकेनात. तुझं हसणं मध्येच थांबलं. त्या क्षणी तू माझ्याकडे जे बघितलंस, ते मला विसरता येत नाही.

मी तिथूनच अरुणभावजींना फोन लावला. तुझा नवरा साधा माणूस, दुकानातून तसाच आला. दुसऱ्या दिवशी आम्ही तुला माझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात आणलं. तिथली डॉक्टर आपल्या केतकीपेक्षा थोडीच मोठी असेल. तू तिला सुरुवात केलीस, “मी खो-खो खेळायचे, त्यामुळे जुनी दुखापत...”

“ते नंतर,” ती म्हणाली. “संध्याकाळी अंग गरम वाटतं?”

तू म्हणालीस, “नाही.” भावजी म्हणाले, “हो.” मी म्हणाले, “किती महिने झाले, हो.” ती बिचारी तिघांकडे बघत बसली. मग तिनं तुझ्या मणक्यांवरून एक-एक करत बोट ठोकत नेलं. एका जागी तू दचकून उसळलीस. इतक्या डॉक्टरांकडे गेलो, पण तुझे मणके असे हातानं तपासणारी ती पहिलीच.

एमआरआयत सगळं दिसलं. दोन मणके कुरतडलेले, भोवती पू, आणि त्याचा दाब थेट मज्जारज्जूवर. ती म्हणाली, “टीबी वाटतोय. पू तपासून पक्कं करू.”

“पण मला खोकला नाहीये,” तू म्हणालीस.

“हाडाचा टीबी खोकत नाही.”

पक्कं झालं. औषधं सुरू झाली, ऑपरेशन झालं. टीबी साधा होता, औषधांना दाद देणारा. बरा होणारा, शैले! लवकर सापडला असता तर गोळ्या खात खात तू मैदानावर उभी राहिली असतीस, माझ्यावर ओरडत. पण पाय गेले ते गेलेच. मज्जारज्जू फार दिवस दाबला गेला होता. लघवीला नळी लागली. कूस बदलायलासुद्धा माणूस लागायला लागलं.

आणि तू पहिला हुकूम काय सोडलास? “बाहेर कुणाला टीबी सांगायचं नाही. मणक्याचं इन्फेक्शन म्हणायचं.”

तिथे आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, “हा पसरणारा नाही, डॉक्टरांनी दहादा सांगितलंय.”

“तुला सांगितलंय. पोरींच्या आयांना कोण सांगणार? एक पोरगी मैदानावर येणार नाही. केतकीचं उद्या लग्न ठरवायला गेलो तर?”

“तू पोरींना पाळीबद्दल सगळ्यांसमोर बोलायला शिकवलंस. बापलोक लाजून लांब जायचे, तरी तू बोलायचीस. आणि ह्याची लाज?”

“पाळी सगळ्यांना येते. टीबी गरिबांना होतो, असं लोक म्हणतात.”

“लोक गाढव आहेत.”

“असू देत. राहायचं त्यांच्यातच आहे मला.” आणि भिंतीकडे मान वळवलीस. तेवढीच वळवता येत होती. तो वाद तिथेच राहिला. तू जिंकलीस असं समजू नकोस.

मग एका दुपारी केतकीचा फोन आला, ओरडतच, “मावशी, आईचा अंगठा हलला!” मी माझ्या शाळेचं ग्रंथालय बंद करून डोंबिवली गाठली. तू चादर वर करून मला दाखवलंस. उजव्या पायाचा अंगठा, जेमतेम. “बघ. आता उठतेच की नाही,” म्हणालीस. टीबी मागे हटत होता. भावजींनी पेढे आणले, आणि कुणी विचारलं तर कशाचे म्हणून सांगायचं ते आपल्याला कुणालाच सुचेना.

पडून राहिल्यानं पायात रक्ताची गुठळी झाली. ती फुप्फुसात गेली. सकाळी भावजींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, दुसराही अंगठा हलला.

बस. हे असं झालं. टीबीला आपण हरवत होतो, आणि तो इतका उशिरा सापडला होता की त्याला हरवूनही उपयोग झाला नाही.

दहावं झाल्यावर मी तुझा एमआरआय घेऊन डोंबिवलीच्या त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले. पेशंटच्या रांगेत बसले. त्यांना तुझं नाव आठवेना. खो-खोच्या बाई म्हटल्यावर आठवलं. फिल्म बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “तेव्हा एक्स-रे नॉर्मल होता.”

“कंबरेचा होता, डॉक्टर. दुखत त्याच्या वर होतं.”

“ताप आहे असं त्या कधी बोलल्या नाहीत.”

“तुम्ही विचारलंत?”

त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. वाईट माणूस नाही गं तो. बाहेर चाळीस माणसं बसलेली, त्यातली निम्मी कंबर दुखते म्हणून आलेली. तो राक्षस असता तर मला फार सोपं गेलं असतं. मी त्याच्यावर ओरडून घरी आले असते. “सॉरी,” ते म्हणाले आणि उभे राहिले. मी फिल्म उचलली आणि निघाले. त्या ‘सॉरी’चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मग तुझी शोकसभा झाली, मैदानावरच. क्लबचे अध्यक्ष बोलले, झुंजार. मुख्याध्यापिका बोलल्या, लढवय्यी. कुणी नियती म्हणालं, कुणी देवाला चांगली माणसं आवडतात म्हणालं. एकानं तर सांगितलं की खेळासाठी शैलाबाईंनी आपल्या कंबरेचं बलिदान दिलं. पुन्हा कंबर! समोर तुझ्या पोरी मांडी घालून बसलेल्या, रडून डोळे सुजलेल्या, आणि प्रत्येकीच्या मागे तिची आई. मला बोलायला उठवलं. भावजी हळूच म्हणाले, “मीनलताई, तो विषय नको. तिला आवडणार नाही.”

मला माहीत होतं आवडणार नाही. तुला न आवडणाऱ्या गोष्टी करतच मी मोठी झालेय.

मी माइक घेतला आणि म्हटलं, “शैलाला टीबी होता. पाठीच्या मणक्याचा. तो बरा होतो. तिचा वर्षभर कुणाला सापडला नाही म्हणून ती गेली. पाठ दुखत राहिली, संध्याकाळी ताप आला, वजन उतरलं, कुठे गाठ आली, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा, टीबी तपासा.”

एका आईनं आपल्या पोरीला जवळ ओढून घेतलं, ते मी पाहिलं. तुझी भीती अगदीच खोटी नव्हती, हे कबूल. अध्यक्षांनी घाईघाईनं माइक घेऊन दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. भावजी मला न सांगता निघून गेले. पुढे फोन नाही, मेसेज नाही.

चार-पाच दिवसांनी केतकी माझ्या दारात उभी. आत आली, ओढणी बाजूला केली आणि मान वळवून म्हणाली, “मावशी, ही गाठ.” सुपारीएवढी होती. तू अंथरुणात होतीस तेव्हापासूनची. तुला त्रास नको म्हणून तुला बोलली नाही, मग बाबांना आणखी एक धक्का नको म्हणून बाबांना बोलली नाही. तुझीच पोरगी! गप्प बसायचं बरोबर तुझ्याकडून उचललं. मला तिला आधी जवळ घ्यावं की आधी एक ठेवून द्यावी ते कळेना. जवळ घेतलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठ दाबली, घसा बघितला आणि लिहायला सुरुवात केली, “इन्फेक्शनची गाठ आहे. अँटिबायोटिक देतो. दहा दिवसांनी बघू.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात केतकीचा आवाज आला.

“डॉक्टर, माझी आई टीबीनं गेली. मला दहा दिवस थांबायचं नाही. सुईनं तपासा.”

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, मग चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली.

टीबीच निघाला, शैले. साधा. छाती साफ आहे. तुझ्याकडून लागलेला नाही, तिसऱ्याच कुणाकडून आला असेल, डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांच्या गोळ्या, आणि पसरणारा नाही. गोळ्यांनी तिला मळमळतं, त्यावरून मला शिव्या देते. गाठ लहान होतेय.

भावजींना तिनं स्वतःच सांगितलं. मला वाटलं आता हा माणूस पुरता खचेल. दोन दिवस तो खरंच कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. शोकसभेनंतर पहिलाच. नमस्कार नाही, काही नाही. “मीनलताई, केतकीला टीबी आहे,” म्हणाले. आणि मग, शब्द बरोबर निघतो का ते बघितल्यासारखं पुन्हा एकदा, “टीबी आहे.”

तेव्हापासून तुझा नवरा ऐकत नाहीये. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, बायको टीबीनं गेली, मुलीचा वेळेवर सापडला, तुमच्याकडे कुणाला ताप येतो का संध्याकाळी? सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना उठून सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. केतकी परवा माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली, “मावशी, बाबा लिफ्टमध्येसुद्धा अनोळखी माणसांना सांगतात. तू त्यांना थांबव ना.”

मी नाही थांबवणार. तुला थांबवायचं असेल, तर तू ये आणि थांबव.